नैराश्य व आत्महत्येचा धोका
नैराश्य हा भावविकार आहे. आळस किंवा मनाचा दुबळेपणा नव्हे. खिन्नता अथवा कशातच रस न वाटणे किमान दोन आठवडे टिकले आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर निदानाचा विचार होतो. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण मनाचे दुखणे न सांगता अंगदुखी, थकवा घेऊन डॉक्टरांकडे जातात. समुपदेशन व औषधे यांनी बहुतेकांना उतार पडतो.

जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, अचानक निरवानिरव करणे, पूर्वीचा प्रयत्न ही धोक्याची चिन्हे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उपदेश न करता ऐकावे. गुप्ततेचे वचन मात्र देऊ नये. धोका निकट असल्यास माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे कुलूपबंद करावीत आणि मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पात गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्यग्रस्तांना ओळखून आधार देण्याचे काम केले. उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढले. तज्ज्ञ शहरांत एकवटलेले असताना हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिच्यावर खटला चालवता येत नाही. ‘टेलि-मानस’ची १४४१६ या क्रमांकावरील निःशुल्क दूरध्वनी मदतसेवा अहोरात्र मराठीतही उपलब्ध आहे.