नगरपालिकेचा नोकर आणि त्याचे शिक्षण

आज ज्याला कर्वेनगर म्हणतात, त्या हिंगण्याच्या माळावर 1900 साली महर्षी कर्व्यांनी झोपडी उभारली. घराला ओझे वाटणाऱ्या विधवा तेथे शिकल्या आणि त्यांतल्या काही तेथेच शिकवू लागल्या. शिक्षणापाठोपाठ हाती जबाबदारी आली, म्हणून ते शिक्षण फळले.

नगरपालिकांच्या नोकरांना आम्ही हीच कसोटी लावतो. 1926 साली मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था निघाली. तिने स्वच्छता निरीक्षकांचे वर्ग चालविले. 1963 साली अधिकाऱ्यांसाठी मुंबईतच प्रशिक्षण संस्था झाली. ती 1984 साली पुण्यास आली. तीच आजची यशदा.

हे चांगलेच झाले. पण गटारात उतरणाऱ्याचे काय? संरक्षक साधनांवाचून त्याला उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली. तरी माणसे मरत राहिली आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला भरपाई 30 लाख रुपयांवर न्यावी लागली. विषारी वायू कसा ओळखावा हे कामगाराला शिकविले, पण 'आधी हवा तपासा, मग उतरतो' असे म्हणण्याची मुभा दिली नाही, तर ते शिक्षण कोणाच्या कामाचे?

'शिकवूनही कामगार सुधारत नाही,' असे आम्हांस नेहमी ऐकविले जाते. आम्ही उलट विचारतो, शिकलेले वापरावयास मोजे दिले काय, यंत्र दिले काय? कंत्राट बदलताच शिकलेला घरी बसतो आणि नवखा त्याच्या जागी येतो. मग काम सुधारावे कसे? शिकवा, साधने द्या आणि शिकलेल्याला कामावर टिकवा. शहर स्वच्छ राहील ते यानेच.