कार्बन-सिरॅमिक ब्रेक : वेगाचा महागडा लगाम

वेगवान मोटारीचे गुणगान करताना इंजिनाची अश्वशक्ती आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणारे सेकंद यांचाच उल्लेख आधी होतो. हा वेग आवरणारी यंत्रणा मात्र चाकाआड दडलेली असल्याने दुर्लक्षित राहते. कार्बन-सिरॅमिक ब्रेकने गेल्या पाव शतकात तिला काहीशी प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या मोटारीचे मूळचे ब्रेक काढून हे महागडे ब्रेक बसवावेत, अशी इच्छा आज अनेक हौशी मोटारचालकांना होते. त्यातून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे त्याआधी समजून घेणे अगत्याचे आहे.

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे रूपांतर उष्णतेत करणे. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणजेच ताशी २०० किलोमीटरवरून थांबताना सुमारे २३ लाख ज्यूल. साधारण तापमानाचे ७ लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास एवढी उष्णता पुरते आणि ती अवघ्या काही सेकंदांत, मुख्यतः चार चकत्यांना, सोसावी लागते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. शर्यतीच्या मार्गावर मात्र तो प्रत्येक फेरीत अनेकदा येतो.

बहुतेक मोटारींच्या ब्रेकची चकती ओतीव लोखंडाची असते. ती स्वस्त, टिकाऊ आणि उष्णता चांगली वाहून नेणारी असते; पण जड असते. सतत तापत राहिल्यास पॅडची पकड ढिली होते, चकतीला तडे जाऊ लागतात आणि उष्णता ब्रेकच्या द्रवापर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. मात्र हवेतील आर्द्रता शोषल्यानंतर १५५ अंशही पुरेसे मानले जातात. द्रवात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जाते आणि मोटार थांबत नाही.

विमानातून रस्त्यावर

या अडचणीवर पहिला उपाय विमानविद्येने शोधला. १९७६ मध्ये प्रवासी सेवेत दाखल झालेल्या काँकर्ड विमानाला कार्बनचे ब्रेक होते. त्याच वर्षी ब्रॅबम संघाने फॉर्म्युला वन शर्यतींत ते आजमावून पाहिले. हे ब्रेक निव्वळ कार्बनचे. ते हलके असले तरी थंड असताना त्यांची पकड अपुरी पडते. सकाळी गॅरेजमधून निघून पहिल्याच सिग्नलला थांबणाऱ्या मोटारीला ते उपयोगाचे नाहीत.

कार्बन-सिरॅमिक चकती हा त्यावरचा तोडगा. कार्बन तंतूंचे तुकडे आणि राळ यांचे मिश्रण साच्यात दाबतात आणि प्राणवायूविरहित भट्टीत भाजून त्याचा सच्छिद्र कार्बन बनवतात. त्यानंतर १४१४ अंशांना वितळणारे सिलिकॉन त्याच्या छिद्रांत झिरपू दिले जाते. कार्बनशी संयोग होऊन त्याचे सिलिकॉन कार्बाइड तयार होते. हा पदार्थ अतिशय कठीण असतो आणि त्याला बळकटी देतात ते आत उरलेले कार्बन तंतू. ही प्रक्रिया दीर्घ आणि खर्चिक असल्याने चकतीची किंमतही तशीच असते.

पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ या मोटारीला हे ब्रेक मूळ साधन म्हणून दिले. पिवळे कॅलिपर ही त्यांची ओळख ठरली. २००२ च्या फेरारी एन्झोमध्येही कार्बन-सिरॅमिक चकत्या होत्या. पुढे अनेक उत्पादकांनी आपल्या अतिवेगवान मोटारींना ते दिले. काहींनी मूळ साधन म्हणून, तर काहींनी जादा किमतीचा पर्याय म्हणून.

लाभ कोणते?

पोर्शेच्या म्हणण्यानुसार ही चकती तेवढ्याच आकाराच्या लोखंडी चकतीच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. चाकाशी जोडलेले हे वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे ते कमी होताच चाक खाचखळगे अधिक चपळाईने पार करते आणि सुकाणूचा प्रतिसाद सुधारतो. चकती गंजत नाही, चाकांवर काळी भुकटी कमी बसते आणि प्रखर उष्णतेतही पकड टिकून राहते.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. हे ब्रेक बसवल्याने मोटार एरवीपेक्षा कमी अंतरात थांबेलच असे नाही. सुस्थितीतील लोखंडी ब्रेकही चाके जखडण्याइतकी ताकद लावू शकतात. थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरते. फरक दिसतो तो पहिल्या थांबण्यात नव्हे, तर दहाव्या आणि पंधराव्या थांबण्यात.

बदल करताना

चकत्या बदलल्या की काम संपले, असे होत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ९९२ पिढीच्या ९११ जीटी३ चेच उदाहरण पाहू. तिच्या लोखंडी चकत्यांचा व्यास पुढे ४०८ आणि मागे ३८० मिलिमीटर, तर कार्बन-सिरॅमिक चकत्यांचा अनुक्रमे ४१० आणि ३९० मिलिमीटर. मागची चकती १० मिलिमीटरने मोठी, म्हणजे तिच्या कडेवर बसणाऱ्या कॅलिपरची जागाही बदलते. पॅड या चकतीसाठीच बनवलेले लागतात. लोखंडी चकतीचे पॅड चालत नाहीत. जुन्या मोटारीत चाकाच्या आत पुरेशी जागा आहे का, हे तपासावे लागते. पुढील आणि मागील चाकांवरील ब्रेकचा समतोल बिघडला तर मोटार जोरात थांबताना भरकटू शकते. म्हणून उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेला पूर्ण संच घेणे आणि एबीएसची जुळणी तज्ज्ञाकडून तपासून घेणे श्रेयस्कर. नवे पॅड आणि चकती ठरवून दिलेल्या पद्धतीने हळूहळू तापवून एकमेकांत बसवावे लागतात.

देखभालही निराळी असते. चकतीची कड ठिसूळ असल्याने चाक काढताना लागलेला धक्काही तिचा टवका उडवू शकतो. त्यासाठी मार्गदर्शक दांड्या वापरतात. चकतीची झीज केवळ जाडीवरून कळत नाही. कार्बन तंतू जळत गेल्याने तिचे वजन घटते. म्हणूनच अनेक चकत्यांवर किमान वजन कोरलेले असते आणि त्याखाली गेलेली चकती बाद समजली जाते.

याच कारणाने एक विरोधाभास निर्माण होतो. सामान्य रस्त्यावर या चकत्या दीर्घकाळ टिकतात. पण तिथे त्यांच्या सामर्थ्याची गरज फारशी पडत नाही. शर्यतीच्या मार्गावर त्यांचा खरा कस लागतो; पण तिथल्या तापमानात त्यांचे तंतू जळतात आणि नवा संच घेण्याचा खर्च छाती दडपून टाकणारा असतो. त्यामुळे नियमितपणे ट्रॅकवर जाणारे काही जीटी३ मालक मूळच्या कार्बन-सिरॅमिक चकत्या जपून ठेवतात आणि त्या जागी लोखंडी चकत्या बसवतात.

तेव्हा हा खर्च करण्यापूर्वी आपली मोटार बहुतांशी कुठे धावते, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. शहरात आणि महामार्गावर धावणाऱ्या मोटारीला चांगले टायर, वेळेवर बदललेला ब्रेकचा द्रव आणि दर्जेदार पॅड यांतून बहुतेक सुरक्षितता अल्प खर्चात मिळते. नवी मोटार घेताना हलक्या चाकांचा आनंद हवा असेल आणि खिशाला परवडत असेल, तर कारखान्यातून बसवून आलेले कार्बन-सिरॅमिक ब्रेक हा उत्तम पर्याय आहे. पण जुन्या मोटारीवर ते नंतर चढवायचे असल्यास अर्धामुर्धा बदल करण्यापेक्षा तो न केलेलाच बरा.