वाका मुएर्ताचे कर्जरोखे
अर्जेंटिनांतील शेल तेलाच्या भांडवलाचीं साधनें

दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना देशाच्या नेउकेन प्रांतांत व आसपास सुमारें ३०,००० चौरस किलोमीटर मुलखाखालीं 'वाका मुएर्ता' म्हणजे 'मेलेली गाय' ह्या नांवाचा शेल खडकाचा थर पसरला आहे. चार्लस वीव्हर ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें इ. स. १९३१ मध्यें त्यास हें नांव दिलें. ह्या खडकांतील तेल नुसती विहीर खणल्यानें वर येत नाहीं. आडवें भोंक पाडून, पाणी व वाळू प्रचंड दाबानें आंत घालून खडक फोडावा लागतो. आणि विहिरीचें उत्पन्न पहिल्या एकदोन वर्षांतच झपाट्यानें उतरत असल्यामुळें नव्या विहिरी सतत खणीत राहावें लागतें. तात्पर्य, हा धंदा जितका तेलाचा तितकाच कर्जाचा आहे. इ. स. २०१३ च्या अमेरिकन सरकारी अंदाजांत शेल वायूच्या बाबतींत अर्जेंटिनास चीनच्या खालोखाल दुसरें स्थान मिळालें. तो वायु काढण्यास लागणारा पैका कोणीं घातला, ह्या प्रश्नास 'खासगी सावकारांनीं' असें उत्तर सामान्यतः मिळतें. अस्सल कागद पाहतां तें उत्तर अपुरें आहे, असें आमचें मत झालें आहे.

ह्या व्यवहारांतील मुख्य संस्था जी वाय. पी. एफ., ती इ. स. १९२२ मध्यें सरकारी म्हणून निघाली व जनरल मोस्कोनी ह्यांनीं ती नांवारूपास आणिली. इ. स. १९९३ मध्यें तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत विकण्यांत आले. त्या वेळीं परकी भागीदारांचा विश्वास बसावा म्हणून संस्थेच्या घटनापत्रांत एक अट घातली गेली: जो कोणी, अगदीं सरकार झालें तरी, संस्थेचा ताबा घेईल, त्यानें इतर भागीदारांचे भागही ठराविक हिशेबानें विकत घेण्याची तयारी दाखविली पाहिजे. वाचकांनीं ही अट ध्यानांत ठेवावी.

इ. स. १९९९ मध्यें रेपसोल ह्या स्पॅनिश कंपनीनें संस्था विकत घेतली. पुढें इ. स. २००८ पासून पीटरसन नांवाच्या अर्जेंटिनी उद्योगसमूहाच्या कंपन्यांनीं तिचा सुमारें चतुर्थांश घेतला. हा व्यवहार मोठा मौजेचा आहे. किंमतीचा बराचसा पैका पेढ्यांकडून आणि खुद्द विकणाऱ्या रेपसोलकडून उसना घेतलेला होता, व तो संस्थेच्याच नफ्यांतून फेडावयाचा होता. त्याकरितां नफ्याचा ९० टक्के भाग वांटण्याचें ठरलें. सावकाराकडून रसदेचा पैका उचलून मामलत मिळवावयाची व महालाच्या वसुलांतून तो वारावयाचा, हा पेशवाईंतील प्रकार ज्यांनीं दप्तरांत पाहिला आहे, त्यांस ह्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. वसूल थांबतांच मामलेदार बुडे. येथेंही तसेंच झालें.

इ. स. २०१२ च्या मे महिन्यांत कायदा होऊन रेपसोलकडील ५१ टक्के भाग सरकारजमा झाला. रेपसोलला इ. स. २०१४ मध्यें ५०० कोटि डॉलरांचे रोखे मिळाले. इतरांस मात्र कोणीं विचारिलें नाहीं. नफ्याची वांटणी थांबली, पीटरसनांचें कर्ज थकलें आणि त्यांच्या स्पेनमधील कंपन्यांचें दिवाळें वाजलें.

सरकारी झालेल्या ह्या संस्थेनें १६ जुलै २०१३ रोजीं शेवरॉन ह्या अमेरिकन कंपनीशीं लोमा काम्पाना क्षेत्राकरितां १२४ कोटि डॉलरांचा करार केला. कराराच्या आदल्याच दिवशीं एक सरकारी फर्मान प्रसिद्ध झालें. पांच वर्षांत १०० कोटि डॉलर घालणारास पांचव्या वर्षानंतर उत्पन्नाचा पांचवा हिस्सा निर्यात-जकातीवांचून परदेशीं विकण्याची व तें परकी चलन बाहेरच ठेवण्याची त्यांत मुभा होती. सामान्य अर्जेंटिनी माणसास त्या वेळीं डॉलर घेण्यास बंदी-निर्बंध होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे सवलतीची किंमत कळते. कराराचा कागद मात्र गुप्त! रुबेन जुस्तिनियानी ह्या सिनेटरांनीं तो मागितला, तेव्हां 'आम्ही खासगी कायद्याखालील मंडळी आहों' असें संस्थेनें उत्तर केलें. दप्तर बांधून ठेवणारांची वृत्ति सर्व देशांत सारखीच दिसते. अखेर नोव्हेंबर २०१५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें कागद दाखविण्याचा हुकूम केला.

पुढील भांडवलही असेंच आलें. इ. स. २०१७ च्या ठरावानें नव्या शेल वायूस दर दशलक्ष ब्रिटिश उष्णता-एककांमागें ७.५० डॉलर, पुढें उतरत ६ डॉलरांपर्यंत, भाव सरकारनें हमी म्हणून दिला. जुलै २०२३ मध्यें सुरू झालेल्या ५७३ किलोमीटरांच्या नळास श्रीमंतांवर इ. स. २०२० मध्यें बसविलेल्या एकवार पट्टीचा पैका लागला. इ. स. २०२५ मध्यें पेढ्यांच्या समूहानें समुद्रापर्यंतच्या तेलनळास २०० कोटि डॉलर कर्ज दिलें, तें आदल्या वर्षींच्या कायद्यानें ३० वर्षें करांची स्थिरता मिळाल्यावर.

आतां १९९३ च्या अटीकडे वळूं. दिवाळखोर पीटरसन कंपन्यांचा दावा इ. स. २०१५ मध्यें बर्फर्ड नांवाच्या दावेखरीद पेढीनें अवघ्या दीड कोटि युरोंस घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत अर्जेंटिना सरकारचें म्हणणें असें पडलें कीं, देशाच्या सार्वजनिक कायद्यापुढें घटनापत्राची अट चालत नाहीं. नागरिकानें कागद मागितला तेव्हां संस्था खासगी, व भागीदारानें पैका मागितला तेव्हां ती सार्वजनिक! सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायाधीश लोरेटा प्रेस्का ह्यांनीं सरकारविरुद्ध सुमारें १,६१० कोटि डॉलरांचा निवाडा दिला, व सरकारनें त्यावर अपील केलें. शेवरॉनच्या करारांतील रकमेच्या जवळजवळ तेरापट ही रक्कम, आणि तिचें मूळ तीस वर्षांपूर्वींच्या एका घटनापत्रांतील दोन कलमांत.