‘वेल्श’ म्हणजे कोण?

ब्रिटन बेटाच्या पश्चिम भागास इंग्रज ‘वेल्स’ म्हणतात. तेथील लोक स्वतःस ‘कम्री’ म्हणवितात. ‘कम्री’चा मूळ अर्थ ‘एका भूमीचे बांधव’. ‘वेल्श’चा मूळ अर्थ ‘परका’. जे लोक इंग्रजांच्या कितीतरी आधीं त्या बेटावर नांदत होते, तेच परके कसे ठरले?

याचें उत्तर युरोपच्या मध्यभागीं सांपडतें. ज्यूलियस सीझरनें आपल्या ग्रंथांत ‘व्होल्की’ नांवाच्या केल्ट जमातीचा उल्लेख केला आहे. या शेजाऱ्यांच्या नांवावरूनच जर्मानिक टोळ्यांनीं ‘वाल्ह’ हा शब्द घडविला, असें बहुतेक भाषापंडित मानतात. प्रथम तो सर्व केल्टांस लागला; गॉल देश रोमन झाल्यावर लॅटिन बोलणारांसही लागला. पूर्वेकडील स्लाव्हांस मात्र ‘वेंड’ असें निराळें नांव होतें.

पांचव्या शतकांत अँग्ल व सॅक्सन लोक हा शब्द घेऊन ब्रिटनमध्यें उतरले आणि तेथील मूळ रहिवाशांस तो त्यांनीं चिकटविला. वेसेक्सचा राजा इने (राज्यकाल ६८८ ते ७२६) याच्या कायद्यांत सामान्य स्वतंत्र सॅक्सनाच्या वधाची भरपाई २०० शिलिंग आहे. ‘वेल्श’ माणूस एक ‘हाइड’ जमिनीचा धनी असला तरी त्याची १२०, आणि भूमिहीन असल्यास अवघी ६०. पुढें तर या शब्दास ‘गुलाम’ असाही अर्थ आला.

इतरत्र त्याच शब्दानें निराळीं रूपें घेतलीं. स्वित्झर्लंडमधील जर्मनभाषी लोक फ्रेंचभाषी प्रदेशास ‘वेल्शलँड’ म्हणतात. बेल्जममध्यें ‘वालून’ हें नांव रूढ झालें. स्लाव्हांनींही शब्द उचलला. पोलिश भाषेंत त्यापासून इटलीचें नांव बनलें. हंगेरियन भाषेंत इटालियनास ‘ओलास’ व रुमानियनास ‘ओलाह’ अशीं दोन नांवें त्यांतूनच निघालीं. रुमानियांतील वालाचिया प्रांत जगास याच नांवानें ठाऊक आहे. तेथील लोक मात्र आपल्या देशास ‘रुमानियनांची भूमि’ म्हणत. बाल्कन डोंगरांत ‘व्लाख’ म्हणजे मेंढपाळ झाला. इंग्रजींतील ‘वॉलनट’, म्हणजे अक्रोड, हेंही मुळांत ‘परकें फळ’च!

अर्थ इतके पालटले. पण हें नांव प्रत्येक ठिकाणीं दुसऱ्यांनींच दिलें. वेल्समध्यें त्याची किंमत भाषेस मोजावी लागली. १५३६ च्या कायद्यानें तेथील न्यायालयांत इंग्रजीचाच अंमल बसला. ‘परक्यांच्या’ त्या भाषेस स्वतःच्याच देशांत अधिकृत दर्जा कायद्यानें स्पष्टपणें मिळाला तो २०११ सालीं.