फोन बंद पडल्याची तक्रार कोणी करायची? बारामती-इंदापूरच्या दूरध्वनी दुव्यांचा इतिहास

१/ बारामतीचा एसटीडी कोड ०२११२, इंदापूरचा ०२१११. मोबाईलच्या पिढीसाठी हे केवळ आकडे. परंतु त्यांच्यामागे दूरसंचाराच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न दडलेला आहे : दोन गावांमधील दुवाच बिघडला, तर ती बातमी कोणत्या मार्गाने पोहोचवायची? (थ्रेड)

२/ १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीचे दूरध्वनी एमटीएनएलकडे गेले. बारामती-इंदापूरसारखे तालुके दूरसंचार विभागाकडेच राहिले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलकडे आले. १९८६ मध्येच सी-डॉटचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाची गरज नसलेले हे यंत्र खेड्यांसाठीच घडवले होते.

३/ लहान एक्स्चेंजमध्ये अहोरात्र तंत्रज्ञ बसवणे परवडणारे नव्हते. म्हणून दुव्यानेच आपली प्रकृती कळवणे आवश्यक ठरले.

४/ याची तजवीज अंकीय दूरध्वनीच्या रचनेतच होती. आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना ॲलेक रीव्ज यांनी १९३८ मध्ये मांडली. अमेरिकेने १९६२ मध्ये २४ संभाषणांची टी-१ पद्धत आणली. भारताने युरोपची ३० संभाषणांची पद्धत, म्हणजे ई-१, स्वीकारली.

५/ ई-१ च्या एका फ्रेममध्ये ३२ टाइम स्लॉट, प्रत्येकात ८ बिट; सेकंदाला ८,००० फ्रेम. म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट. यांतील शून्य क्रमांकाचा स्लॉट संभाषणासाठी नसतो. एका फ्रेमआड त्यात ००११०११ ही खूण येते. तीवरून फ्रेमचा आरंभ ओळखतात. हे काम करणारी चिप म्हणजे ‘फ्रेमर’.

६/ मधल्या फ्रेममध्ये या स्लॉटचा तिसरा बिट धोक्याच्या सूचनेसाठी राखलेला असतो. समजा, पुण्याकडून येणारा प्रवाह बारामतीला ओळखता येईना. तेथील फ्रेमर परतीच्या प्रवाहात हा बिट १ करतो. आपले बोलणे पोहोचत नाही, हे पुण्याला तत्काळ कळते.

७/ सविस्तर निरोपासाठी त्याच स्लॉटचे शेवटचे पाच बिट त्या त्या देशाच्या वापरासाठी मोकळे ठेवले गेले. यांतील प्रत्येक बिट २५० मायक्रोसेकंदांनी एकदा येतो, म्हणजे सेकंदाला ४,००० वेळा. अमेरिकेच्या सुधारित टी-१ मधील डेटा लिंकचा वेगही इतकाच.

८/ सुट्या बिटांतून निरोपाचा आरंभ-अंत कसा ओळखायचा? मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपला की मोर्तबाची मुद्रा उठवत, म्हणजे खाली कोणी भर घालू शकत नसे. फ्रेमर निरोपाच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण लावतो.

९/ पण हीच खूण मजकुरात आली तर? त्यावरचा उपाय साधा आहे. मजकुरात सलग पाच १ आले की चिप पुढे एक ० घालते आणि पलीकडची चिप तो काढून टाकते. शेवटी १६ बिटांची पडताळणी जोडली जाते. वाटेतील बिघाड तीवरून उघड होतो.

१०/ निरोप प्रोसेसर रचतो व चिपच्या साठ्यात ठेवतो. एकाच बिटाची वाट वापरल्यास ६४ बाइटांचा साठा सुमारे १२८ मिलिसेकंदांत रिता होतो. पुढचा भाग वेळेत आला नाही, तर चिप सलग १ पाठवून निरोप रद्द करते. अर्धवट बातमीपेक्षा बातमी नसणे बरे, हा त्यामागील विवेक.

११/ या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ती एक्स्चेंज ते एक्स्चेंज या दुव्याचीच होती. तिथून वस्तीवरच्या घरापर्यंत गेलेली तांब्याची तार तुटली, तर फ्रेमरला त्याचा पत्ता नसे. शहराशी जोडणारा दुवा स्वतःची तक्रार करू शकत होता. शेतकऱ्याला मात्र लाइनमनला गाठावे लागे.

१२/ जुन्या पत्रावर ते मिळाल्याची तारीख, म्हणजे ‘पैवस्ती’, नोंदलेली असते. मजकुराइतकीच ती नोंदही इतिहासकाराला मोलाची वाटते, कारण पत्र किती दिवसांत पोहोचले हे तीतून कळते. फ्रेमरचे निरोप मात्र कोणत्याही दप्तरात जपलेले नाहीत. बारामती-इंदापूरच्या दूरध्वनीचा इतिहास लिहायचा, तर त्या काळच्या लाइनमन व तंत्रज्ञांच्या आठवणी आताच नोंदवायला हव्यात.