ओरत्तनाडुची पंगत

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे चोवीस किलोमीटरांवर, ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातशेतीचा हा मुलूख. याच वाटेने शतकानुशतके यात्रेकरू रामेश्वराकडे जात आले. काशीची गंगा कावडीत घेऊन निघालेला मराठी यात्रेकरू इथवर पोहोचे, तेव्हा त्याच्या पायांखालून शेकडो कोस वाट गेलेली असे. भाषा परकी, पाणी परके, सोयरे-धायरे कोणी नाहीत. पांबनचा रेल्वेपूल झाला १९१४ साली. त्याआधी समुद्रापर्यंतची मजल पायी किंवा बैलगाडीने मारायची आणि पुढे होडीत बसायचे. अशा प्रवाशापुढे रोज संध्याकाळी एकच प्रश्न उभा राही : आज आपले पान कुठे मांडले जाणार?

या प्रश्नाचे उत्तर तंजावरच्या भोसले राजांनी दगडविटांत बांधून ठेवले. मोडी दफ्तरांत ज्यांना ‘छत्र’ म्हटले आहे, ती अन्नसत्रे त्यांनी रामेश्वराच्या वाटांवर ठिकठिकाणी उभारली. बहुतेकांना राजस्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबाबाईंच्या नावाचे छत्र प्रतापसिंह राजांच्या काळचे. ओरत्तनाडुचे छत्र सरफोजी राजांनी १८०२ साली स्थापिले, ते मुक्तांबा या आपल्या प्रिय सहचरीच्या नावाने. मुक्तांबेने मरणसमयी एवढेच मागितले की, आपल्या नावानेही एक छत्र असावे, अशी हकीकत तंजावरकडे सांगतात. पट्टराणीचा मान जिला नव्हता, तिचे नाव त्यामुळे गावाला लागले. ओरत्तनाडु हे मुक्तांबापुरम् झाले. इमारतीचा दर्शनी भाग हत्तीघोडे जुंपलेल्या रथासारखा घडविला आहे. चालून थकलेल्या माणसाच्या विश्रांतीसाठी जणू रथच येऊन थांबावा, तशी ही कल्पना.

हे छत्र ज्या काळात उभे राहिले, तो काळ मात्र राजवैभवाचा नव्हता. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. राजांकडे राहिला तो किल्ला, एक लक्ष होनांचा तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे आणि त्यांना लावून दिलेली गावे यांचे काय होणार, ही चिंता सरफोजींना पडली. १८०१ च्या प्रारंभी त्यांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. तंजावर हे दानधर्मासाठी सर्वत्र विख्यात आहे, त्याला धर्मराज्य म्हणतात आणि ही कीर्ती हेच आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. सत्ता गेलेल्या राजाने मागितले काय, तर परक्या वाटसरूंना जेवू घालण्याचा अधिकार.

छत्रांत जेवणाची व्यवस्था कशी असे, याचे वर्णन याच पत्रात आहे. ब्राह्मणापासून त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व प्रकारच्या प्रवाशांना शिजवलेला भात मिळे. ज्यांना शिजवलेले चालत नसे, त्यांना कोरडा शिधा आणि मसाल्याचे जिन्नस देत. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करीत की, जो कोणी अजून उपाशी असेल, त्याने यावे, त्याच्यासाठी अन्न तयार आहे. आजारी प्रवाशाला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे. वाटेत अडलेली गर्भवती तेथेच बाळंत झाली, तर पुढे तीन महिने तिला राहता येई. परक्यांची पोरकी मुले छत्रातच वाढत, शिकत, दिवसातून तीनदा जेवत.

भोजनातील सुख म्हणजे केवळ चवीचे सुख नव्हे, हे या व्यवस्थेने ओळखले होते. भुकेल्या माणसाला प्रथम बसायला जागा हवी, मग आपली पाळी येईल याची खात्री हवी. पंगतीच्या मांडणीत हे शहाणपण मुरलेले आहे. केळीचे पान आडवे मांडले की, त्याच्या लांबीनेच दोन जेवणाऱ्यांमधले अंतर ठरते. समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये वाढप्याला वाकून वाढता यावे आणि मागे न पाहता पुढे सरकता यावे, एवढी वाट सोडावी लागते. मांडीला मांडी लागली तर जेवणारा अवघडतो. फार फाकून बसविले तर वाढप्याचे पाय दुखतात आणि भात निवतो. भोजन हा तंजावरच्या मराठी दरबारात विचाराचा विषयच होता. पहिल्या एकोजी राजांच्या काळी रघुनाथ पंडित नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि सरफोजींच्या पदरी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले.

परंतु पंगतीतील प्रत्येक अंतर सोयीसाठी नव्हते. ज्या पत्रात सर्वांना अन्न मिळण्याची ग्वाही आहे, त्याच पत्रात शिजवलेले न खाणाऱ्यांसाठी कोरड्या शिध्याची तरतूद आहे. कोणी रांधले आणि शेजारी कोण बसले, हे त्या काळी अन्नाइतकेच महत्त्वाचे होते. दोन पानांमधली वीतभर जागा जेवणाऱ्याच्या सुखासाठी होती. दोन पंगतींमधले अंतर रूढीने आखले होते. छत्राने भूक सर्वांची मानली. सर्वांची पंगत एक मानणे मात्र त्या युगाच्या आवाक्यात आले नाही. राजाच्या औदार्याला त्यामुळे उणेपणा येत नाही. पण इतिहासाने ही मर्यादाही नोंदवायला हवी.

ही मर्यादा एकट्या भारताची नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींच्या भोजनगृहांत लांबच लांब मेजे असत आणि त्यांच्या कडेने जमिनीला खिळवलेल्या फिरत्या खुर्च्या. समुद्र खवळला की शेजाऱ्याचे कोपर आपल्या ताटात येई. १९०५ साली ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर छोट्या, सुट्या मेजांचे स्वतंत्र उपाहारगृह निघाले. हव्या त्या वेळी, हव्या त्या सोबत्यांसह जेवण्याची सोय झाली. ही ऐसपैस जागा मात्र वरच्या वर्गाच्या श्रीमंत प्रवाशांची. खालच्या वर्गाचे उतारू त्याच जहाजात, त्याच समुद्रावर, दाटीवाटीने वेगळे जेवत. तेथे पंक्तिभेद जन्माने ठरत नव्हता, तिकिटाने ठरत होता, एवढाच फरक.

तामिळ देशात हा प्रश्न विसाव्या शतकात ऐरणीवर आला, तोही पानावरूनच. चेरनमादेवी येथे व. वे. सु. अय्यर यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी गुरुकुल काढले होते. तेथे ब्राह्मण मुलांना वेगळे जेवू घालतात, यावरून १९२४-२५ मध्ये मोठे वादळ उठले आणि त्या प्रांताच्या राजकारणाची दिशा बदलली. मद्रास इलाख्यातील रेल्वेच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी आणि इतरांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या असत. तो भेद १९४१ साली संपला. आगगाडीचा डबा सर्वांना एकत्र घेऊन धावू लागला होता. जेवणाची जागा एक व्हायला कित्येक दशके जावी लागली.

तंजावरची गादी १८५५ साली दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूनंतर संपली. राजवाड्यातील संपत्तीवरून पुढे दीर्घकाळ वाद चालले. छत्रांची गावे आणि जमिनी मात्र दानधर्माच्याच राहिल्या, आणि सरकारी देखरेखीखाली त्यांच्या उत्पन्नाचा विनियोग शाळा, वसतिगृहे अशा कामांकडे वळला. रामेश्वराचा यात्रेकरू आगगाडीने जाऊ लागला. ओरत्तनाडुला उतरण्याचे त्याला कारण उरले नाही. पण छत्रात प्रारंभापासून शिक्षणाचा अंश होता, आणि तोच पुढे टिकला. मुक्तांबेचे नाव वाटसरूंच्या ओठांवरून विद्यार्थ्यांच्या ओठांवर आले.

१९५६ साली कामराज यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मद्रास राज्यातील शाळांत गरीब मुलांना दुपारचे जेवण देण्यास प्रारंभ झाला, आणि १९८२ साली रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत त्याचा मोठा विस्तार झाला. शाळेच्या ओसरीवर मुले ओळीने बसतात, वाढणारी बाई भांडे घेऊन पुढे सरकते, आणि शेजारच्या मुलाची जात पानावर लिहिलेली नसते. जे छत्राला साधले नव्हते, ते साधण्याचा हा प्रयत्न आहे. तो सर्वत्र सारखाच सफल झाला असे म्हणता येणार नाही. पंगत एकदा मांडून संपत नाही, ती रोज नव्याने मांडावी लागते.

राज्य गमावलेल्या एका मराठी राजाने कावेरीच्या खोऱ्यात ठेवलेला वारसा मोजायचा, तर सरस्वती महालातील पोथ्या मोजल्या जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्या पोथ्यांशेजारी मध्यरात्रीच्या त्या घंटेलाही स्थान द्यावे. वाढपी दमलेले असत, चुली विझत आलेल्या असत, आणि तरीही कोणीतरी काळोखात उभे राहून विचारी : जेवायचे कोणी राहिले आहे काय?