सरपण व वनजमीन परवाने (विठ्ठलवाडी–कल्याण परिसर)

जंगलातून जळाऊ लाकूड आणण्यास व सरकारी वनजमीन वापरण्यास लागणारी संमती. विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील, कल्याण पूर्व व उल्हासनगर यांच्या सीमेवरचे स्थानक. वस्ती शहरी असल्याने येथे सरपणाचे रान म्हणजे मलंगगड, अंबरनाथ, मुरबाड व शहापूरकडील डोंगरपट्टी.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला व १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. स्लीपर आणि मुंबईचे सरपण या दोन्हींसाठी ठाण्याच्या रानावर ताण आला. १८७८ च्या वन अधिनियमाने जंगलाची राखीव व संरक्षित अशी वर्गवारी केली. राखीव वनात चौकशीअंती नोंदला गेलेला हक्कच उरला. ज्याने वेळेत दावा सांगितला नाही, त्याचा वहिवाटीचा हक्क बुडाला.

राबाचा वाद : या विषयावरील सर्वांत भरघोस कागदपत्रे सरपणाची नव्हेत, राबाची आहेत. पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, शेण, पालापाचोळा व माती यांचे थर रचून ते पेटवणे म्हणजे राब भाजणे. फांद्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीतून व लगतच्या जंगलातून येत. वनखात्याच्या मते या छाटणीने झाडे खुंटत होती. शेतकऱ्यांच्या मते राबाशिवाय भात येत नव्हते. ठाणे फॉरेस्ट असोसिएशनने सरकारकडे तक्रारी मांडल्या. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे काही सवलती मिळाल्या. त्या कितपत पुरेशा होत्या याबद्दल मतभेद आहेत. तक्रारदारांत जमीनदार व वकीलवर्गाचे वजन अधिक असल्याने मोळी विकून पोट भरणाऱ्या कातकरी-ठाकरांची बाजू या कागदांत बहुधा दुसऱ्याच्या तोंडून येते. हे दप्तर वाचताना ती उणीव ध्यानात ठेवलेली बरी.

कूप व सहकार : कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. कूपतोडीतील ठेकेदारांची पकड सैल करण्यासाठी मुंबई सरकारचे तत्कालीन प्रमुख बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या.

सध्याची व्यवस्था : भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनातून परवानगीविना वनोपज नेणे गुन्हा असून मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय नुकसानभरपाई, अशी तरतूद आहे. वाहतुकीचे नियम कलम ४१ खाली होतात; लाकूड नेताना लागणारा वाहतूक पास त्यातूनच आला. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्रातील खासगी वने कायद्याने शासनाकडे गेली. कोणती जमीन खासगी वन होती हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला (२०१४). त्याआधी, गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ व्यापक झाला.

वनहक्क कायदा, २००६ ने दाव्याची दिशा उलटी केली : अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, तेथून उपविभागीय व मग जिल्हास्तरीय समितीकडे. वैयक्तिक दावा नमुना ‘अ’, सामूहिक ‘ब’, सामूहिक वनसंपत्तीसाठी ‘क’. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा व मर्यादा चार हेक्टर. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. एकापेक्षा अधिक पुरावे लागतात. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्यांत चालतो, हे अर्जदारांना अनेकदा सांगितले जात नाही. गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्या-झुडपे व खुंट आहेत, ‘जळाऊ लाकूड’ हा शब्द मात्र नाही. सरपणाचा आधार निस्ताराच्या (घरगुती गरजेसाठी जंगल वापरण्याच्या परंपरागत हक्काच्या) तरतुदीतही शोधला जातो. सुरुवातीच्या नियमांत वाहतूक डोक्यावरची मोळी, सायकल व हातगाडी यांपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा गेली आणि पास देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते.

नागरी हद्द : विठ्ठलवाडीतील रस्त्याकडेच्या किंवा सोसायटीतील झाडाला वनखात्याचा पास पुरत नाही, १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

अनुसूचित क्षेत्र : ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका पूर्ण, मुरबाड व भिवंडी अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. कल्याण, उल्हासनगर व अंबरनाथ तालुके त्यात नाहीत, त्यामुळे मलंगगडाच्या पायथ्याच्या वाड्यांना पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या) कायद्याचे अधिकार मिळत नाहीत. वनहक्क कायद्याखालील दावा मात्र तेथील ग्रामसभांनाही करता येतो.